चयापचयविज्ञानात पीएच.डी. करण्यापूर्वीची तयारी

चयापचयाच्या विषयात पीएच.डी. करायचे ठरले की बहुतेक विद्यार्थी आधी प्रवेशाच्या तारखा शोधू लागतात. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट निश्चित करावी, ती म्हणजे पुढची पाच-सहा वर्षे आपल्या हाताखाली कोणता नमुना असणार आहे: पेशी, उंदीर की माणसाचे रक्त. पेशींच्या पातळीवर काम करायचे असेल तर पुण्यात आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आणि विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. माणसांवरील अभ्यासासाठी पुण्याच्याच केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील मधुमेह विभागाचे काम आधी वाचावे. तेथे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली 1993 पासून पुण्याजवळच्या गावांमधील माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालू आहे. गरोदरपणी बी-12 जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरे ब-जीवनसत्त्व जास्त असलेल्या मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध अधिक आढळला, हा त्यातला 2008 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मूळ शोधनिबंधातच वाचावा, आणि वाचताना निष्कर्षापेक्षा मोजमापाच्या पद्धतीवर जास्त वेळ द्यावा.

मोजमाप समजणे हीच या तयारीतली सर्वांत मोठी बाब आहे. रक्त नळीत आल्यानंतरही त्यातील पेशी ग्लुकोज वापरत राहतात आणि ताशी साधारण 5 ते 7 टक्के घट होते. पेशींचा हा वापर रोखण्यासाठी फ्लुओराइड घातलेल्या नळीतही पहिला तास-दीड तास ही घट पूर्णपणे थांबत नाही, म्हणून नळी बर्फात ठेवून प्लाझ्मा (रक्तातील पेशीविरहित द्रव) शक्य तितक्या लवकर वेगळा करावा लागतो. रक्तपेशी फुटल्या तर इन्सुलिनचा आकडा खोटा कमी येतो. लोहाच्या कमतरतेने एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे मोजमाप, वाढलेले दिसू शकते, आणि आपल्याकडच्या स्त्रियांचा अभ्यास करणाऱ्याला ही गोष्ट विसरून चालत नाही. होमा-आयआर, म्हणजे इन्सुलिन-प्रतिरोधाचा अंदाज देणारा निर्देशांक, काढताना उपाशीपोटीचे इन्सुलिन आणि लिटरमागे मिलिमोलमध्ये मोजलेले ग्लुकोज यांचा गुणाकार 22.5 ने भागतात, पण ग्लुकोज डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये असेल तर भाजक 405 होतो; एकक न पाहता सूत्र वापरल्यास सगळा तक्ता वाया जातो. सहभागी व्यक्तींना सकाळी उपाशीपोटी बोलावताना चहाही घ्यायचा नाही हे स्पष्ट सांगावे, आणि संकष्टीच्या दुसऱ्या दिवसाची वेळ शक्यतो देऊ नये, कारण चंद्रोदयानंतर उशिरा जेवलेल्या माणसाचे सकाळी सातपर्यंत दहा तास भरत नाहीत. असे बारकावे प्रयोगशाळेत काही महिने काम केल्याशिवाय अंगवळणी पडत नाहीत, म्हणून एम.एस्सी.नंतर प्रकल्प सहायकाची जागा मिळाली तर ती आनंदाने स्वीकारावी.

प्रवेशाचे नियम त्या मानाने सोपे आहेत. जून 2024 पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत केवळ पीएच.डी.साठीही पात्रता मिळते; अशा प्रवेशात नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भार असतो, मात्र ते गुण एकच वर्ष ग्राह्य धरले जातात. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीची रक्कम 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे. कालावधी किमान 3 आणि पुनर्नोंदणी वगळता कमाल 6 वर्षे.

माणसांवरील अभ्यासाला संस्थेच्या नैतिकता समितीची आणि प्राण्यांवरील प्रयोगांना प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी आधी लागते. त्यात महिने जातात, तेव्हा पहिल्याच सत्रात मसुदा तयार ठेवावा. संमतिपत्र मुळातच मराठीत लिहावे आणि ते गावातल्या एखाद्या आशाताईंना मोठ्याने वाचायला सांगावे. त्या जेथे अडखळतील ते वाक्य बदलावे. त्याच काळात आर ही संख्याशास्त्रासाठीची संगणकभाषा शिकावी आणि नमुनासंख्येचा (अभ्यासात किती जण लागतील याचा) हिशेब स्वतः करून पाहावा.

मार्गदर्शकांना भेटताना उणे 80 अंशांच्या फ्रीझरमध्ये आपल्या नमुन्यांना जागा आहे का, वीज गेल्यावर काय व्यवस्था आहे, जुन्या नमुन्यांवर काम करण्याची परवानगी मूळ संमतिपत्रात आहे का, हे नम्रपणे पण नक्की विचारावे. त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी वेगळे बोलावे, आणि शोधनिबंधावर नावे कोणत्या क्रमाने येतात हेही त्यांच्याकडूनच समजून घ्यावे.