टॉमी कूपरला मी खरंच बघितलं का? लहानपणीचा ब्रिटिश टीव्ही आणि कॉमेडी शो शोधून काढायची माझी पद्धत

जवळजवळ तीस वर्षं मी एक गोष्ट छातीठोकपणे सांगत आलोय. कॉमेडीचा विषय निघाला की मी म्हणायचो, मी टॉमी कूपरला, म्हणजे मुद्दाम जादू फसवून हसवणाऱ्या त्या ब्रिटिश विनोदवीराला, प्रत्यक्ष स्टेजवर बघितलंय. बाबांच्या मांडीवर बसलेलो, समोर एक धिप्पाड माणूस, डोक्यावर लाल फेझ टोपी, टेबलावर एक ग्लास एक बाटली, त्यावर नळकांडी ठेवायची आणि उचलली की ग्लासच्या जागी बाटली, बाटलीच्या जागी ग्लास, मग मधेच एक जास्तीची बाटली निघते आणि सगळं फिसकटतं, आणि लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडायचे बाकी. बाबांच्या कोटाला येणारा ओल्या लोकरीचा वास पण आठवतो मला, इतकं स्पष्ट.

दोन वर्षांपूर्वी लेस्टरचं आईचं घर आवरताना म्हटलं चला, हे एकदा तपासूनच बघू. त्यात बरंच शिकायला मिळालं. आपल्यातले बरेच जण सत्तर-ऐंशीच्या दशकात ब्रिटनमधे वाढले आणि प्रत्येकाकडे असं एखादं अर्धवट चित्र असतंच, कोणता कार्यक्रम, कोणता माणूस, काही पत्ता नाही. ते कसं शोधायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी, आणि हे खरंच मनावर घ्या, गूगल करायच्या आधी जे आठवतंय ते कागदावर लिहून काढा. चुकीचं असू दे, अर्धवट असू दे, लिहा. कारण एकदा का क्लिप बघितली की तुमची स्वतःची आठवण संपली, पुढे तुम्हाला क्लिपच आठवणार. उदाहरण देतो. ब्लू पीटर या मुलांच्या कार्यक्रमात १९६९ साली लुलू नावाचं हत्तीचं पिल्लू स्टुडिओत आलं आणि त्याने तिथेच सगळा कार्यक्रम उरकला, रखवालदार त्यात घसरतोय, निवेदक जॉन नोक्स ओरडतोय, धमाल. हे मी त्या दिवशी टीव्हीवर रंगीत बघितलं असं शपथेवर सांगणारे भेटतील. पण बीबीसी वनवर रंग आला १५ नोव्हेंबर १९६९ला, आणि लुलू येऊन गेली त्या जुलैमधे! म्हणजे काय, ती क्लिप नंतर इतक्या वेळा दाखवली की ज्यांचा तेव्हा जन्म नव्हता त्यांना पण ती आपली वाटते. कागदावर आधी लिहिलेलं असलं की निदान आपलं किती आणि उसनं किती हे कळतं.

लिहिताना कार्यक्रमाचं नाव आठवत बसू नका, नाव सगळ्यात शेवटी येतं. आजूबाजूचं लिहा. शाळेतून आल्यावरचा होता की शनिवार सकाळचा? बाबा घरी होते का? त्यानंतर बातम्या लागायच्या का? ही माहिती साधी वाटते पण सगळं काम तिथेच होतं. कारण तेव्हाचा टीव्ही घड्याळासारखा होता. मुलांचा क्रॅकरजॅक शुक्रवारी पाच वाजायला पाच मिनिटं असताना, आणि ते सुरुवातीलाच ओरडून सांगायचे. मॅजिक राउंडअबाउट ही मुलांची मालिका संध्याकाळच्या बातम्यांच्या जेमतेम पाच मिनिटं आधी, म्हणून त्या पिढीच्या मोठ्या माणसांना पण डूगल कुत्रा माहितीये, ते बातम्यांसाठी येऊन बसलेले असायचे ना. (मूळ मालिका फ्रेंच, पण एरिक थॉम्पसनने भाषांतर वगैरे केलंच नाही, चित्रं बघून स्वतःच्याच गोष्टी रचल्या. मला हे फार आवडतं.)

वेळ आणि वार हाताशी आला की मग बीबीसी जीनोम उघडा. रेडिओ टाइम्स मासिकात छापलेल्या १९२३ ते २००९ सालच्या कार्यक्रमांच्या याद्या तिथे आहेत, फुकट, शब्द टाकून शोधता येतं, तारीख टाकूनही. कलाकाराचं नाव, पात्राचं नाव, काहीही टाका. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ती छापलेली यादी आहे, ऐनवेळी बदल झाला असेल तर तो त्यात असेलच असं नाही. बीबीसी टूचंच बघा, २० एप्रिल १९६४ला उद्घाटन होतं, लंडनमधे वीज गेली, मोठा सोहळा बोंबलला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चॅनल सुरू झालं ते लहान मुलांच्या प्ले स्कूलने. दुसरी गोष्ट, जीनोममधे आयटीव्ही, म्हणजे बीबीसीचं प्रतिस्पर्धी जाहिरातींवर चालणारं चॅनल, नाही. १९९१पर्यंत रेडिओ टाइम्स फक्त बीबीसीचे कार्यक्रम छापायचा आणि टीव्ही टाइम्स फक्त आयटीव्हीचे, म्हणजे घरात दोन्ही मासिकं आणायला लागायची, आमच्याकडे एकच यायचं आणि दुसरं शेजारणीकडून.

आयटीव्हीचं अजून एक लफडं म्हणजे प्रदेश. लंडनला आठवड्यात एक कंपनी आणि वीकेंडला दुसरी, मँचेस्टरला ग्रॅनडा, आमच्या मिडलंड्समधे आधी एटीव्ही आणि १९८२पासून सेंट्रल. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. माझा दादा टिसवॉजचा भक्त होता, शनिवारी सकाळी ताटलीभर फेस तोंडावर, बादल्या भरभरून पाणी, पिंजऱ्यात बसलेली मोठी माणसं. आमचा लंडनचा चुलतभाऊ म्हणायचा असा कार्यक्रमच नाही, तुम्ही थापा मारता. दोघांची यावरून खरीखुरी मारामारी झालेली आहे. आता कळतंय की टिसवॉज १९७४ला एटीव्हीने आपल्या भागापुरता सुरू केला होता आणि बाकीच्या कंपन्यांनी तो हळूहळू घेतला, म्हणजे दोघेही आपापल्या जागी बरोबर. तेव्हा शोधताना तुम्ही त्या वर्षी कुठल्या गावात राहत होतात ते आधी नक्की करा, नाहीतर उगाच चुकीच्या यादीत डोकं फोडाल.

आता घरच्यांना विचारायचं काम. इथे सगळे चुकतात. आपण विचारतो, आई, आपण लहानपणी काय बघायचो गं? आई म्हणते, काय की बाबा, तुम्हीच बघायचात, मी स्वयंपाकात. संपलं. असं विचारूच नका. टीव्ही कुठल्या कोपऱ्यात होता, वर काय ठेवलेलं असायचं, कोण कुठे बसायचं, कशावरून भांडणं व्हायची ते विचारा. मी आईला टीव्ही बिघडायचा का एवढंच विचारलं आणि ती जी सुरू झाली, की ती गुलाबी मांजर लागली की मी टीव्हीला थापड मारायचे, कारण आधी चित्र सगळं जुन्या फोटोसारखं तपकिरी यायचं, थापड मारली की रंग यायचा. मी पाच मिनिटं हसत होतो. ते बॅगपस! त्यात सुरुवातच तशी आहे, एमिलीचं दुकान तपकिरी फोटोत, मग तो जाडा बोका जांभई देऊन जागा होतो आणि सगळं रंगीत होतं. आईला वर्षानुवर्षं वाटत होतं आपण टीव्ही दुरुस्त करतोय. आणि जाता जाता, तो बोका गुलाबी असणार नव्हताच, नारिंगी पट्टे हवे होते, कापड रंगवताना चूक झाली म्हणून गुलाबी झाला. एकूण एपिसोड किती? फक्त तेरा, १९७४चे. पुन्हा पुन्हा दाखवायचे म्हणून आपल्याला वाटतं शेकडो होते.

सूर पण वापरा. शब्द विसरलेली माणसं सूर विसरत नाहीत. घरातल्या पन्नाशीच्या पुढच्या कोणाहीसमोर नुसतं "प्यू, प्यू, बार्नी मॅग्रू" म्हणा, समोरून "कथबर्ट, डिबल, ग्रब" आलंच पाहिजे, ट्रम्पटन या मुलांच्या मालिकेतल्या अग्निशामक दलाची हजेरी आहे ती, १९६७ची. प्यू दोनदा कारण ते जुळे भाऊ.

पण ऐकलेलं सगळं खरं धरू नका हां. कॅप्टन पगवॉश या मुलांच्या कार्टूनमधल्या खलाशांची नावं चावट होती हे तुम्हाला निदान तीन जणांनी सांगितलं असेल, आणि डोळा मारून सांगितलं असेल. साफ खोटं. कुठल्यातरी विनोदातून ते पसरलं, पेपरांत पण छापून आलं आणि पगवॉशचे निर्माते जॉन रायन यांनी पेपरांना माफी मागायला लावली. लोकांना मात्र ती नावं "ऐकल्याचं" अजून आठवतं. तसंच ऐकलेलं आणि बघितलेलं यात घोळ होतो. गुडनेस ग्रेशस मी हा ब्रिटनमधल्या देशी कलाकारांचा विनोदी कार्यक्रम, तो आधी १९९६ला रेडिओ फोरवर आला, टीव्हीवर १९९८ला. देशी मंडळी रात्री उशिरा "इंग्लिश खायला" जातात आणि वेटरकडे सगळ्यात बेचव पदार्थ मागतात तो प्रवेश, तो आम्ही एवढ्या वेळा घरात एकमेकांना करून दाखवलाय की पहिल्यांदा कुठे अनुभवला ते आता देव जाणे.

सगळं शोधूनही कार्यक्रम बघायला मिळेलच असं नाही. साठ-सत्तरच्या दशकात टेप महाग होत्या, एकावर एक रेकॉर्ड करायचे आणि जुनं पुसलं जायचं, मुलांच्या कार्यक्रमांचे तर फारच हाल झाले. ब्लू पीटर बऱ्यापैकी वाचला तो संपादिका बिडी बॅक्स्टर यांच्या हट्टामुळे, त्यांनी एपिसोड जपून ठेवायलाच लावले. लंडनला गेलात तर साउथबँकच्या बीएफआयमधे (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) मीडियाथेक आहे, तिथे बसून जुनं बरंच काही फुकट बघता येतं.

स्टेजवरची कॉमेडी शोधणं याहून अवघड, कारण टीव्हीची निदान यादी तरी असते. पण इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, ती म्हणजे टीव्हीवरचीच माणसं उन्हाळ्यात समुद्रकाठच्या थिएटरांत आणि ख्रिसमसला पँटोमध्ये, म्हणजे मुलांसाठीच्या गाण्या-विनोदाच्या नाटकात, असायची. सूटी या बाहुल्याचंच बघा ना, हॅरी कॉर्बेटने १९४८ला ब्लॅकपूलच्या नॉर्थ पिअरवर तो हातात घालायचा अस्वल विकत घेतला, पुढे टीव्हीवर नीट दिसावा म्हणून नाकाकानाला काजळी (इंग्रजीत सूट) फासली म्हणून नाव सूटी, आणि नंतर कॉर्बेट बापलेक टीव्ही आणि थिएटर दोन्हीकडे. चकल ब्रदर्स ही विनोदी जोडीही तशीच, "टू मी, टू यू" करत गावोगाव. त्यामुळे तुम्हाला तो माणूस टीव्हीवर पण आठवतो आणि समोर पण आठवतो, यात गोंधळ असेलच असं नाही, दोन्ही झालेलं असू शकतं.

आधी घरातली कागदपत्रं. थिएटरचं प्रोग्रॅम पुस्तक, तिकिटाचा तुकडा, हे कधीच आल्बममध्ये नसतं, ते जुन्या पर्समधे, विम्याच्या फाइलमधे, पुस्तकात खूण म्हणून सापडतं. मग गावच्या लायब्ररीत त्या वर्षांचे स्थानिक पेपर मागा, थिएटरच्या जाहिराती डिसेंबरमधे आणि जूनमधे भरपूर असतात. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हला घरून पैसे पडतात पण बऱ्याच लायब्रऱ्यांत फुकट उघडतं. आठवणीतले छोटे पुरावे पण सोडू नका. शो संपेपर्यंत तुम्ही झोपलात आणि मध्यरात्रीनंतर कोणीतरी खांद्यावर टाकून घरी आणलं? विनोदवीर केन डॉडचा संशय घ्यायला हरकत नाही, त्याचे शो चार-चार पाच-पाच तास चालायचे.

क्लबची गोष्ट वेगळी. कॉमेडी स्टोअर १९७९ला सोहोमधे एका स्ट्रिप क्लबच्या वर सुरू झालं, विनोदवीर अलेक्सी सेल निवेदक, आणि नवशिका कंटाळवाणा झाला की घंटा बडवून खाली उतरवायचे. तिथे कसलं प्रोग्रॅम पुस्तक असणार. टाइम आउटसारख्या साप्ताहिकांतल्या जुन्या याद्या बघा, आणि कँटरबरीला केंट विद्यापीठात स्टँडअप कॉमेडीचंच आर्काइव्ह आहे, त्यांना ईमेल करा. ईमेलमधे साल, गाव आणि एक प्रसंग, एवढंच लिहा, जीवनकहाणी नको.

जमलं तर आईवडिलांना एकदा ब्लॅकपूलला न्या. टॉवरच्या समोर जमिनीवर भलामोठा कॉमेडी कार्पेट आहे, २०११मधे केलेला, त्यात विनोदवीरांची नावं आणि त्यांची ठरलेली वाक्यं दगडी अक्षरांत बसवलीयत. आई खाली बघत बघत चालत होती, मधेच थांबली, पायाने एक ओळ दाखवली आणि म्हणाली, हा तुझ्या बाबांचा. कूपरची ओळ होती. बाबांचं इंग्रजी तेव्हा कामापुरतंच होतं, पण फसलेली जादू बघायला भाषा कशाला लागते.

तर माझं प्रकरण. कूपर गेला १५ एप्रिल १९८४ला, रविवारी रात्री, लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरमधे, आयटीव्हीवर लाइव्ह कार्यक्रम चालू असताना स्टेजवर कोसळला आणि लोक हसत राहिले, त्यांना वाटलं हा पण गमतीचाच भाग. तारीख पक्की. आणि आईच्या सुटकेसमधे शिवणाच्या डब्याखाली जे प्रोग्रॅम पुस्तक सापडलं ते १९८५च्या ख्रिसमसच्या पँटोचं. माझं वय सात. आईला विचारलं तर ती म्हणाली, हो, त्याच दिवशी पाऊस होता, बाबांचा कोट भिजलेला. म्हणजे कोट खरा, मांडी खरी, टोपी खरी, ग्लास आणि बाटली पण खरी. फक्त माणूस दुसराच, कोणीतरी कूपरची नक्कल करणारा, तेव्हा तशी नक्कल करणारे पैशाला पासरी होते.

आता तो कोण हे शोधतोय. कलाकारांची यादी शेवटच्या पानावर आहे, पण त्या पानाचा खालचा कोपरा फाडून दादाने मागे कुठलातरी फोन नंबर लिहून घेतला होता म्हणे, आणि तो कोपरा काही सुटकेसमधे नाही.