होमस्कूलचं वर्ष आखताय? या चुका टाळा

पहिल्या वर्षी केलेलं वेळापत्रक आमच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने अजून चिकटवलेलं आहे. रोजच्या सहा तासिका, प्रत्येकीला वेगळा रंग, जूनच्या मध्यापासून थेट एप्रिलअखेरपर्यंत. बेंदराच्या दिवशी ते मोडलं. थोरली तेव्हा सहाची होती, धाकटा चारचा. दोघं सकाळपासून अंगणात मातीचे बैल करत बसलेली आणि मी हातात कागद घेऊन सांगतेय, "परिसर अभ्यास आता नाही, दुपारी आहे." सासूबाई दारात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

सांगलीत आमच्या ओळखीतली आणखी दोन-तीन घरं आता मुलांना घरीच शिकवतात. मे महिन्यात फोन येतात, आणि सगळ्यांच्या चुका थोड्याफार माझ्यासारख्याच असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरात शाळा भरवणं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीच्या शाळांसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास सांगितलेत. म्हणजे दिवसाला चार तास. नवीन पालक हा आकडा वाचतात आणि पाच वर्षांच्या पोराला चार तास बसवायला निघतात. अहो, तो आकडा शाळेसाठी आहे. त्याच कायद्यात एका शिक्षकामागे 30 मुलं धरलेली आहेत. हजेरी, रांगा, वह्या, "बाई, याने माझी पेन्सिल घेतली", या सगळ्यात वेळ जातो. तुमच्यासमोर एक मूल आहे, फार तर दोन. आमच्याकडे धाकट्याचं बसून करायचं काम रोज अर्धा तास, तेही दोन तुकड्यांत. थोरलीचं सव्वा तास. त्यापुढे ताणलं की दोघं चिडतात आणि मीही.

दुसरी चूक आठवडे मोजण्यातली. 52 पैकी गणपतीचे दोन, दिवाळीचे तीन, उन्हाळ्याच्या सुट्टीचे सहा, आजारपण आणि पाहुण्यांचे चार, पावसाचे दोन वजा करा. उरले 35. त्यातले पाच कोरे ठेवा आणि 30 आठवड्यांचंच आखा. पेन्सिलने. सविस्तर लिहायचं ते फक्त पुढच्या महिन्याचं. बाकीच्या महिन्यांपुढे एकेक ओळ पुरते.

पावसाचे दोन आठवडे का, ते सांगलीकराला सांगायला नको. पण ते 'वाया गेले' असं धरणं ही वेगळीच चूक. माझ्या आखणीत 'मोजमाप' जानेवारीत होतं: पट्टी घेऊन टेबल मोजा, पुस्तक मोजा. आणि इकडे जुलै संपता संपता अख्खं गाव एकमेकांना एकच प्रश्न विचारत होतं, "आयर्विनला किती फूट झालं?" आयर्विन म्हणजे सांगलीचा कृष्णेवरचा पूल, तिथे पाण्याची पातळी मोजतात. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. थोरलीने स्वतःहून भिंतीला चौकटीचा कागद लावला. एका चौकोनाला एक फूट. रोज सकाळी आजोबांना विचारून ती रंगवायची. 40 वर लाल रेघ, 45 वर दोन लाल रेघा. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "कोयनेतून पाणी काल सोडलं, मग ते इथे आज का नाही आलं?" पट्टीने टेबल मोजून हा प्रश्न निघाला नसता. त्या वर्षी पाणी इशाऱ्याच्या खालीच थांबलं. तिला जरा वाईटच वाटलं, आणि मला तिला दोन शब्द सुनवावे लागले.

तेव्हापासून मी आधी गावाचं वर्ष मांडते. आषाढात बेंदूर, मग नदी, मग गणपती, दिवाळीनंतर ऊसतोड, फेब्रुवारी-मार्चला तासगावकडे बेदाण्याची शेड. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, हे तराजूवर बघितलेलं मूल वजन विसरत नाही. पुस्तकातले धडे या खुंट्यांना अडकवायचे.

आता गणिताचं. इथे पालक सर्रास अडकतात, कारण '1 ते 50' असं आखणीत एका दमात लिहिलं जातं. वीसपर्यंत ठीक चालतं. मग धाकट्याला 'तेवीस' सांगितलं, त्याने 32 लिहिलं. 'एकोणतीस'ला 31. मी आधी रागावले, मग नीट ऐकलं. तेवीस म्हणताना तीन आधी ऐकू येतो, वीस नंतर. एकोणतीसमध्ये तर 'एक' आणि 'तीस' दोन्ही स्वच्छ ऐकू येतात! पोराचं काही चुकलं नव्हतं, त्याने ऐकलं तसं लिहिलं. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन' अशी वाचायची रीत आली, तेव्हा तिची केवढी टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांत मीही होते. आता आम्ही बेदाणे दहा-दहाच्या वाट्यांत घालतो, आधी 'दोन वाट्या, तीन सुटे', मग 'वीस तीन', आणि शेवटी 'तेवीस'. 21 ते 50 ला सहा आठवडे द्या. कमी लागले तर चांगलंच.

वाचनातही तसंच. 'अ'पासून सुरुवात केली तर पहिलंच अक्षर वळणाला अवघड. जुने मास्तर ग, म, भ, न पासून धरायचे ते उगाच नाही. वळणं एकमेकांच्या जवळची, आणि चार अक्षरांत मन, नभ, मग, गगन वाचता येतं. पोराला पहिल्या पंधरवड्यात शब्द वाचल्याचा आनंद मिळतो.

खरेदी मे महिन्यात करू नका. माझे दोन-तीन हजार रुपये फ्लॅशकार्डांत आणि शिकवायच्या साहित्याच्या एका खोक्यात गेले. त्यातलं खोकं तेवढं उपयोगी पडलं, धाकट्याने त्याची बस केली. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. ती आधी चाळा, लागतील तीच छापील आणा.

दोन मुलांना एकच आखणी नको, आणि दोन वेगळ्याही नकोत. गोष्ट, गाणी, स्वयंपाक, नदी हे सगळं एकत्र. अक्षरं आणि आकडे वेगळे. एकाचं चाललं असताना दुसरं सासूबाईंकडे शेंगा फोडायला. "शाळेत कधी घालणार?" हा त्यांचा रोजचा प्रश्न हे काम मिळाल्यापासून आठवड्यावर आलाय.

कागदपत्रांचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयासाठी आहे आणि त्यात होमस्कूलिंगचा उल्लेखच नाही. पुढे शाळेत घालायचं ठरलं तर वयाप्रमाणे वर्गात प्रवेशाची तरतूद आहे. परीक्षा हवी असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) ए, बी, सी या पातळ्या अनुक्रमे तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या. काय शिकलं ते पुढे दाखवता यावं म्हणून दर महिन्याची दोन-तीन कामं तारीख घालून फाइलला लावा. सगळं साठवू नका, घरात पाय ठेवायला जागा राहणार नाही.

आणि मागे पडलात तर? रविवारी जास्तीचं बसवून भरून काढू नका. राहिलेल्या यादीतलं निम्मं खोडा. सहा-सात वर्षांच्या मुलाचं वाचन आणि आकडेमोड सोडून बाकी काहीही पुढच्या वर्षी करता येतं.

मूल रोज एकाच विषयाला रडत असेल तर मात्र आखणी बदलण्याआधी बाकीचं तपासा: भूक, झोप, कामाची वेळ, डोळे. थोरली वाचनाला रडायची तेव्हा मी दोन महिने पुस्तकं बदलत बसले. शेवटी मिरजेला नेऊन डोळे तपासले, तर नंबर निघाला. चष्म्याने वाचन काही आठवड्यात धावायला लागलं नाही. रडणं थांबलं.