अंतराळातला मोठा सिनेमा थिएटरात बघताना या चुका टाळा

फेब्रुवारी 2025 मध्ये ‘इंटरस्टेलर’, म्हणजे मुलीला पृथ्वीवर ठेवून अंतराळात जाणाऱ्या बापाचा सिनेमा, पुन्हा थिएटरात लागला, तेव्हाची गोष्ट. एका प्रसंगात यानाजवळ स्फोट होतो आणि आवाज येतच नाही. आमच्या मागच्या रांगेतून लगेच आरोळी आली, “ए, साऊंड!” पाठोपाठ शिट्ट्या. बिघाड कसलाच नव्हता. आवाजाला जायला हवा लागते, अंतराळात ती नाही, म्हणून तिथे शांतता ठेवलेली आहे. त्या काही सेकंदांसाठी मी पुन्हा तिकीट काढलं होतं, आणि ते सेकंद शिट्ट्यांत गेले.

असे सिनेमे बघताना सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. सिनेमाने मुद्दाम केलेली गोष्ट आपल्याला बिघाड वाटते, आणि खरा बिघाड असेल तेव्हा ‘दिग्दर्शकाची स्टाईल असेल’ म्हणून आपण गप्प बसतो.

खरा बिघाड सहन करत बसणं

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या एका मल्टिप्लेक्समध्ये आम्ही दुपारच्या शोला गेलो होतो. सिनेमा असाच, अंतराळातला. संगीत दणदणीत, इंजिनाची घरघर खुर्चीत जाणवत होती, पण माणसं बोलायला लागली की नुसते ओठ हलताना दिसायचे. सगळं थिएटर शांतपणे बघत होतं. लोकांचंही चुकलं म्हणता येणार नाही. 2014 मध्ये ‘इंटरस्टेलर’ आला तेव्हा संगीतात संवाद बुडतात अशी तक्रार जगभर झाली होती, आणि ते मुद्दाम केलंय असं खुद्द दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनने सांगितलं होतं. तेव्हापासून अशा सिनेमात संवाद कळले नाहीत तरी प्रेक्षक कुरकुर करत नाहीत.

माझा मेहुणा नाटकांचं साऊंड सांभाळतो. मध्यंतर होताच तो म्हणाला, “मधला स्पीकर गेलाय यांचा.” सिनेमात बहुतेक संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. संगीत आणि इतर आवाज मुख्यतः डाव्या-उजव्या आणि भिंतींवरच्या स्पीकरमधून. त्यामुळे मधला बंद पडला तरी थिएटर दणदणत राहतं, फक्त माणसं मुकी होतात. तो डोअरकीपरकडे गेला, मॅनेजर आला, आणि उत्तरार्धात संवाद स्वच्छ ऐकू आले. पूर्वार्ध मात्र गेला तो गेलाच.

म्हणून जाहिराती चालू असताना मोबाईल बघत बसू नका. अर्धा मिनिट डोळे मिटून ऐका. जाहिरातीतल्या माणसाचा आवाज पडद्याच्या मधोमध येतोय का? बाजूने किंवा विहिरीतून आल्यासारखा वाटला तर उठा आणि बाहेर सांगा. आता प्रोजेक्टरजवळ माणूस बसून नसतो. शो सर्व्हरवर लावलेले असतात आणि आपोआप सुरू होतात. प्रेक्षकांपैकी कुणी सांगितलं नाही तर बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही. सिनेमा सुरू होण्याआधी सांगितलं तर दुरुस्ती होते, शेवटी सांगितलं तर फार तर दिलगिरी मिळते.

अंधाराचंही तसंच. अंतराळ काळंच दिसायला हवं. पण उन्हातलं शेत किंवा दिवे लावलेली खोलीही संध्याकाळ झाल्यासारखी मळकट दिसत असेल, तर प्रोजेक्टरचा दिवा जुना झालाय किंवा थ्रीडीची काच प्रोजेक्टरपुढे तशीच राहिली आहे. हेही सांगण्यासारखं आहे. काही सिनेमांत आयमॅक्सच्या पडद्यावर चित्राची उंची मध्येच वाढते आणि पुन्हा कमी होते. ते मात्र मुद्दाम असतं, तसंच चित्रण केलेलं असतं. तिथे तक्रार करू नका.

थ्रीडी म्हणजे भारी, असं धरून चालणं

मला विचाराल तर अंतराळाच्या सिनेमाला थ्रीडी घेऊ नका. साध्या शोसाठी पडद्यावरच्या उजेडाचं ठरलेलं प्रमाण 14 फूट-लॅम्बर्ट (उजेड मोजायचं एकक) आहे. थ्रीडीत चष्म्यातून डोळ्यापर्यंत पोचतो तो साधारण साडेचार. म्हणजे एक तृतीयांश. काळ्याभोर पार्श्वभूमीवरचे बारीक तारे आणि यानाच्या कडेवरची उन्हाची रेघ यात विझून जाते. हलत्या खुर्च्या आणि पाण्याचे फवारे असलेला शो तर नकोच.

खुर्ची मधल्या भागातली घ्या, पुढून मोजलं तर साधारण दोन तृतीयांश मागे. आवाजही तिथल्याच आसपास बसून जुळवलेला असतो. अगदी शेवटच्या रांगेतला रिक्लायनर आरामाचा खरा, पण तिथून पडदा घरच्या टीव्हीसारखा दिसतो. मग थिएटरात कशाला जायचं?

आधी सगळं वाचून जाणं, किंवा काहीच माहीत नसताना घाबरणं

ट्रेलर पाहिला तेवढं पुरे. शेवट समजावणारे व्हिडिओ आधी बघून गेलं की डोळे पडद्यावर आणि मन तपासणीत, असं होतं. पण ‘आपल्याला सायन्स कळत नाही’ म्हणून न जाणं ही त्याहून मोठी चूक. ‘इंटरस्टेलर’मध्ये कृष्णविवराजवळच्या एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. हे हवेतून काढलेलं नाही. त्या सिनेमाचे विज्ञान सल्लागार किप थॉर्न यांना पुढे 2017 मध्ये गुरुत्वीय लहरींच्या कामासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. जिथे गुरुत्वाकर्षण जास्त, तिथे काळ संथ चालतो. तुम्ही माजिवड्याहून मॉलपर्यंत मोबाईलचा नकाशा लावून गेलात ना? त्याला जागा सांगणारे जीपीएस उपग्रह उंचावर, कमी गुरुत्वाकर्षणात असतात, म्हणून त्यांतली घड्याळं आपल्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. तो फरक भरून काढला नाही तर नकाशा दिवसाला दहा किलोमीटरच्या आसपास चुकेल. म्हणजे ठाण्यात असताना ऐरोलीत दाखवेल. एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवून गेलात तरी बस्स. बाकीचं नाही कळलं तर राहू दे, ते घरी येऊन शोधता येतं.

सोबत आई-वडील असतील तर बुकिंग करताना भाषा नीट बघा. इंग्रजी आणि हिंदी शो वेळापत्रकात शेजारीशेजारी असतात. हिंदी डबिंग घ्यायला लाजू नका. धावत्या सबटायटलमागे पळताना त्यांना चित्र दिसतच नाही.

वेळेचा हिशेब न करणं

‘इंटरस्टेलर’सारखा 169 मिनिटांचा सिनेमा, वर जाहिराती, राष्ट्रगीत आणि मध्यंतर. तीन तास वीस मिनिटं धरा. रात्री दहाचा शो सुटायला सव्वा-दीड होतो. ठाण्याहून वाशी-नेरुळला लोकलने परतायचं असेल तर हा शो विसरा, दुपारचा घ्या. जाण्याआधी तिखट मिसळ आणि वर चहाही नको. परदेशी सिनेमात मध्यंतराची जागा केलेली नसते, आपल्याकडे ते कुठेही कापून घालतात, आणि नेमक्या महत्त्वाच्या जागी उठावं लागतं. पॉपकॉर्न पुठ्ठ्याच्या डब्यात घ्या. वेफर्सची पाकिटं नकोत. निर्वात शांततेत ती शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातात.

सोबतच्याला चालू सिनेमात समजावून सांगणं ही माझी जुनी सवय होती. आईला ‘इंटरस्टेलर’ला घेऊन गेलो तेव्हा ठरवून गप्प बसलो. ती एकदाही काही विचारेना, तेव्हा मला वाटलं कंटाळली. सिनेमा सुटल्यावर रिक्षात बसलो, तीन हात नाका आला तरी ती बोलेना. मग म्हणाली, “ककुद्मी राजा रेवतीला घेऊन ब्रह्मलोकात गेला. तिथे गाणं चाललेलं, म्हणून थोडा वेळ थांबला. परत आला तर खाली सत्तावीस चतुर्युगं उलटलेली, ओळखीचं कुणी राहिलं नव्हतं.” थोडं थांबून म्हणाली, “त्या बापाची मुलगी निदान त्याच्या सोबत तरी होती रे.”