बार्बेक्यू रिब्ज वातड होतात, सॉस करपतो? या चुका टाळा

रिब्ज, म्हणजे डुकराच्या बरगड्या, बिघडल्या की खापर सॉसवर फुटतं. मग पुढच्या खेपेला सॉसमध्ये आणखी काहीतरी ओतलं जातं, आणि रिब्ज पुन्हा तशाच वातड निघतात. खरं तर बिघाड बहुतेक वेळा आचेत असतो.

थेट निखाऱ्यांवर ठेवणं

बर्गर असा भाजतात. डुकराच्या बरगड्यांना ते चालत नाही. त्यांच्या मांसात चिवट कोलॅजन भरपूर असतं आणि ते विरघळून मऊ जिलेटिन व्हायला तास लागतात. तेवढ्या वेळात निखाऱ्यांवरचं मांस कोळसा होईल. म्हणून निखारे ग्रिलच्या एका बाजूला सारा, रिब्ज दुसऱ्या बाजूला हाडांची बाजू खाली करून ठेवा आणि झाकण लावा. गॅसचं ग्रिल असेल तर एकाच कडेचा बर्नर चालू ठेवा. जाळीजवळ २२५ ते २५० अंश फॅरनहाइट (साधारण १०७ ते १२१ सेल्सिअस) तापमान हवं. झाकणावरचा काटा वरच्या हवेचं तापमान सांगतो, त्यामुळे जाळीवर वेगळा थर्मामीटर ठेवलेला बरा. आच कमीजास्त करायची ती खालच्या झडपेने. वरची झडप उघडीच राहू द्या, नाहीतर धूर आत कोंडून मांस कडवट होतं. आणि दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघू नका!

पांढरा दाट धूर निघत असताना रिब्ज आत ठेवणं हीसुद्धा नेहमीची चूक. धूर पातळ, निळसर होईपर्यंत थांबा. हिकरी किंवा सफरचंदाच्या लाकडाचे दोन-तीन तुकडे पुरतात. ते भिजत घालू नका, त्याने आधी नुसती वाफ निघते.

"आतून शिजल्यात, तरी चावल्या जात नाहीत"

आतलं तापमान १४५ अंश फॅरनहाइट झालं की डुकराचं मांस खायला सुरक्षित होतं, पण त्या टप्प्यावर बरगडी वातडच असते. ती मऊ होते १९५ ते २०३ च्या आसपास. म्हणजे वातड रिब्ज बहुधा कमी शिजलेल्या असतात, आणि लोक मात्र जास्त भाजल्या म्हणून घाईने उतरवतात. बेबी बॅकला (पाठीकडच्या लहान बरगड्या) चार-पाच तास धरा, सेंट लुई कटला (पोटाकडच्या मोठ्या स्पेअर रिब्ज, कडा छाटून चौकोनी केलेल्या) पाच-सहा. चिमट्याने बरगड्यांची अखंड पट्टी एका टोकाजवळ धरून उचला: ती वाकली आणि वरचं मांस तडकायला लागलं की झाली.

मध्येच, १५०-१६० च्या आसपास, मांसाच्या थर्मामीटरचा काटा तासभर हलत नाही. मांसातून सुटणारं पाणी बाष्प होताना त्याला गार ठेवतं, म्हणून असं होतं. इथे घाबरून कोळसा वाढवला की सगळं करपतं. धीर धरा किंवा पट्टी फॉइलमध्ये गुंडाळा. मात्र तीन तास धूर, दोन तास फॉइल, एक तास उघडं हे प्रसिद्ध गणित स्पेअर रिब्जसाठी आहे. बेबी बॅकला ते लावलं तर मांसाचा लगदा होतो. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या धर्तीवरच्या बार्बेक्यू स्पर्धांत हाडावरून गळून पडणारं मांस जास्त शिजलेलं मानतात. घरी तसंच आवडत असेल तर खुशाल करा.

हाडांच्या बाजूचा पातळ पापुद्रा आधी काढायला विसरू नका. तो चिवट राहतो आणि मसाला आत जाऊ देत नाही. एका हाडाजवळ सुरीचं टोक घालून तो सैल करा, कागदी टॉवेलने पकडून ओढा. कुकरच्या शिट्ट्यांचा मोह मात्र टाळा: मांस मऊ होतं, पण चव पाण्यात उतरते.

सॉस लवकर लावणं

या सॉसमध्ये साखर भरपूर असते. सुरुवातीलाच फासला तर करपलेल्या गुळाच्या पाकासारखा काळा, कडू होतो. शेवटच्या वीस-तीस मिनिटांत दोन-तीन पातळ थर द्या.

घरगुती सॉससाठी दोन कप केचप, अर्धा कप ॲपल सायडर व्हिनेगर, अर्धा कप ब्राउन शुगर, दोन मोठे चमचे मोलॅसिस, एक मोठा चमचा वुस्टरशायर सॉस आणि एकेक छोटा चमचा लसूण पावडर, मोहरी पूड, स्मोक्ड पॅप्रिका नि मिरपूड मंद आचेवर वीस मिनिटं उकळा. ब्राउन शुगरच्या जागी गूळ, मोलॅसिसच्या जागी काकवी चालते. काकवी कमी कडवट असल्याने सॉस सौम्य होतो. वुस्टरशायरच्या मूळ कृतीत चिंच असतेच, तेव्हा चमचाभर कोळ घातला तर बिघडत नाही. फार गोड झाला तर व्हिनेगर, घट्ट झाला तर पाणी. मीठ चाखून मगच घाला, केचपमध्ये आधीच असतं. वाढायचा सॉस वेगळ्या वाटीत काढून ठेवा; कच्च्या मांसाला लागलेला ब्रश त्यात बुडवू नका.

उतरवल्यावर दहा मिनिटं थांबा, मग पट्टी उलटी करून कापा. हाडं दिसतात, सुरी चुकत नाही.