डायल-अप जोडणीवरील विलंब : बफरमधली रांग कशी मोजावी आणि कशी आवरावी

गोव्यात चोडणहून रायबंदरला येणारी फेरीबोट कितीही वेगाने चालली, तरी धक्क्यावर गाड्यांची रांग असेल तर पलीकडे पोहोचण्याचा वेळ ती रांगच ठरवते. टेलिफोन लाइनवरून इंटरनेट जोडणारा जुना डायल-अप मोडेम हौसेने पुन्हा जोडणाऱ्यांना हाच अनुभव येतो, आणि दोष मात्र बहुधा वेगाच्या माथी मारला जातो.

प्रथम बाकीचे सर्व प्रोग्रॅम बंद करून पिंग करावे, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर परत यायला लागणारा वेळ मोजावा, आणि येणारा आकडा लिहून ठेवावा. मोकळ्या लाइनवरही तो शंभर मिलिसेकंदांहून अधिक असतो, कारण त्रुटीसुधारणा व संक्षेपन (मजकूर दाबून लहान करणे) करणारा मोडेम, गाड्या भरेपर्यंत थांबणाऱ्या फेरीबोटीप्रमाणे, थोडे बाइट जमण्याची वाट पाहतो. नंतर एखादी मोठी फाइल पाठवायला लावून पिंग चालूच ठेवावे; आकड्यात जी वाढ दिसेल, ती जवळजवळ सगळी बफरमधल्या, म्हणजे पाठवायचा मजकूर तात्पुरता साठवणाऱ्या जागेतल्या, रांगेची असते.

आता हिशेब करावा. 1998च्या व्ही.90 या मोडेम-मानकात पाठवण्याचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला 33.6 किलोबिट असतो. मजकूर पॅकेट नावाच्या तुकड्यांत जातो; 1500 बाइटांचे पॅकेट म्हणजे 12,000 बिट, म्हणून ते एकटेच सुमारे 0.36 सेकंद लाइन अडवते आणि अशी दहा पॅकेटे पुढे असतील तर साडेतीन सेकंद जातात. बफर मुळीच नसावा असे नव्हे, कारण त्याशिवाय लाइन मधूनमधून रिकामी राहील. परंतु टीसीपी (मजकूर पोहोचवण्याचे आणि वेग ठरवण्याचे इंटरनेटचे नियम) सहसा पॅकेट हरवल्यावरच वेग कमी करते, आणि प्रशस्त बफर पॅकेट हरवूच देत नसल्याने पाठवणाऱ्याला गर्दीचा पत्ता उशिरा लागतो.

उपाय करताना एमटीयू, म्हणजे पॅकेटाचा कमाल आकार, 576 बाइटांवर आणावा, म्हणजे लहान पॅकेटापुढचा मोठ्या पॅकेटाचा ‘ट्रक’ 0.14 सेकंदांत सरकतो. प्रत्येक पॅकेटावरच्या पत्त्याच्या माहितीचा, म्हणजे हेडरचा, वाटा त्यामुळे वाढतो, म्हणून हेडर-संक्षेपन चालू ठेवावे. एवढ्याने रांग मात्र आखूड होत नाही. त्यासाठी पाठवण्याचा वेग प्रत्यक्ष जोडणीपेक्षा किंचित कमी, उदाहरणार्थ सेकंदाला 33.6ऐवजी 30 किलोबिट, असा बांधून घ्यावा. मग रांग मोडेमऐवजी आपल्या संगणकात लागते आणि तेथे लहान पॅकेटांना पुढे काढता येते. पावसाळ्यात लाइनवर खरखर वाढली की मोडेम कमी वेगावर उतरतो, तेव्हा ही मर्यादा नव्याने ठरवावी लागते.

उतरवून घेतानाची रांग सेवा पुरवणाऱ्याच्या बाजूला लागते, आणि तेथे आपला हात पोहोचत नाही. आपल्या हाती असते ती टीसीपीची रिसीव्ह विंडो, म्हणजे पोच मिळण्याआधी समोरच्याने किती मजकूर पाठवावा याची मर्यादा: 64 किलोबाइटांची विंडो सेकंदाला 56 किलोबिटांच्या लाइनवर नऊ सेकंदांहून अधिक काळाचा मजकूर रांगेत लावू शकते, तर 8 किलोबाइटांची साधारण सव्वा सेकंदाचा. ही मर्यादा प्रत्येक टीसीपी-जोडणीला, म्हणजे उतरवल्या जाणाऱ्या प्रत्येक फाइलला, वेगळी लागू होते, म्हणून एका वेळी एकच फाइल उतरवावी.