प्रवेश मिळाल्यानंतर अर्जातले चुकीचे गुण असे दुरुस्त केले

धाकट्या बहिणीचा प्रवेश पक्का झाला आणि कागदपत्रं लावताना दिसलं, अर्जात एका विषयाचे गुण ६८ ऐवजी ८६ पडलेत. ती घाबरली, गप्प राहू म्हणाली. मला ते पटलं नाही. मूळ गुणपत्रिका पडताळणीला जाणारच; तिथे फरक सापडला तर लपवल्यासारखं दिसतं, आधी कळवलं तर ती नुसती चूक राहते.

प्रवेश विभागाला ईमेल तिनेच लिहिला, पालकांनी नाही. विषयाच्या ओळीत नाव नि अर्ज क्रमांक. आत मजकुरात, अर्जात चुकून काय लिहिलं गेलं नि खरं काय; सोबत गुणपत्रिका. लांबलचक माफी मी काढायला लावली. नोंद दुरुस्त झाली, प्रवेश कायम राहिला. ते लेखी उत्तर जपून ठेवलंय, पुढे पडताळणीत दाखवता येईल.