स्वतःचा छोटा ट्रक घेऊन मालवाहतूक सुरू करताना या चुका टाळा

दुसऱ्याच्या गाडीवर अनेक वर्षे काम केलेला चालक जेव्हा स्वतःचा छोटा ट्रक घेतो, तेव्हा गाडी चालवण्यात तो सहसा चुकत नाही. त्याच्या चुका होतात त्या गाडी उभी असताना : भाडे ठरवताना, गाडी निवडताना, उधारी देताना आणि दिवसाअखेर हिशेब लिहायचा कंटाळा करताना. नोकरीत असताना या गोष्टी मालक पाहत असे आणि आता मालकही तोच आहे, हे ध्यानात यायला काही महिने जातात. तोवर सुरुवातीला बाजूला ठेवलेली शिल्लक संपत आलेली असते.

इंधन वजा जाता उरते तो नफा, हा समज

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, म्हणून तिचा विचार जरा सविस्तर करू. गाडीचे खर्च दोन प्रकारचे असतात. इंधन, टायर, ऑइल, ब्रेक लायनर, क्लच हे खर्च गाडी जितकी धावेल तितके वाढतात. कर्जाचा हप्ता, विमा, कर, परवाने, गाडी उभी करण्याच्या जागेचे भाडे आणि वर्षागणिक उतरणारी गाडीची किंमत हे खर्च मात्र गाडी जागेवरून हलली नाही तरी चालूच राहतात. टायरचा संच ५०,००० किलोमीटर टिकतो असे धरले, तर प्रत्येक किलोमीटरमागे त्या संचाच्या किमतीचा पन्नास हजारावा भाग खर्च झालेला असतो. पैसे दुकानदाराला आज द्यावे लागत नाहीत, एवढाच काय तो फरक. ही रक्कम वेगळी काढून ठेवली नाही, तर टायर बदलण्याच्या दिवशी कर्ज काढावे लागते.

न बदलणारा खर्च दिवसांत वाटतानाही एक चूक हमखास होते. महिन्याचे ३० दिवस धरून भागाकार केला जातो. प्रत्यक्षात देखभाल, सुट्ट्या आणि काम न मिळालेले दिवस वजा केले, तर भाडे मिळवून देणारे दिवस २० ते २२ उरतात. भागाकार या २०-२२ दिवसांनीच करावा आणि त्यात स्वतःची मजुरीही धरावी. आपण मालक आहोत म्हणून आपले श्रम फुकट धरायचे, ही सवय मला विशेष घातक वाटते, कारण आजारपणात बदली चालक ठेवण्याची वेळ आली की त्याचा पगार द्यायला भाड्यात जागाच नसते.

आता एका फेरीचे उदाहरण घेऊ. माल भरण्याचे ठिकाण १५ किलोमीटरवर आहे, तिथून माल १२० किलोमीटर न्यायचा आहे आणि उतरवून घरी परतायला १२५ किलोमीटर अंतर आहे. ग्राहक १२० किलोमीटरचे भाडे विचारतो, गाडी मात्र २६० किलोमीटर धावते. म्हणजे ठरलेला दर प्रत्यक्ष धावलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे निम्म्याहूनही कमी पडतो. ताशी सरासरी ५० किलोमीटरचा वेग धरला, तर प्रवासाचेच पाच तास होतात. भरण्या-उतरवण्यात तीन-साडेतीन तास गेले की संपूर्ण दिवस या एका फेरीत संपतो. म्हणून भाडे ठरवताना २६० किलोमीटरचा धावता खर्च, एका पूर्ण दिवसाचा उभा, म्हणजे न बदलणारा खर्च आणि त्यावर आपला नफा अशी बेरीज मांडावी.

परतीचे भाडे मिळेल असे गृहीत धरून जातानाचा दर कमी करू नये. परतीचा माल मिळाला तर तो लाभ, पण तोही पारखून घ्यावा. त्या मालासाठी वाट सोडून किती जावे लागेल, किती तास थांबावे लागेल आणि उद्याची ठरलेली फेरी चुकेल का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय होकार देऊ नये. मालाची वाट पाहत रात्र काढावी लागणार असेल, तर रिकामी गाडी घेऊन परतणे अनेकदा अधिक फायद्याचे ठरते.

कागदावरची वहनक्षमता आणि प्रत्यक्षातली

गाडीच्या कमाल परवानगीच्या वजनातून तिचे रिकामे वजन वजा केले की वहनक्षमता मिळते, हे खरे, पण रिकामे वजन कोणत्या अवस्थेतले आहे हे तपासले जात नाही. समजा, कमाल वजन ३,५०० किलो आणि कागदावरचे रिकामे वजन २,०५० किलो आहे. विक्रेता १,४५० किलो माल न्या असे सांगतो. त्या रिकाम्या वजनात चालक व मदतनीस धरलेले नसतील तर त्यांचे १५० किलो, नंतर बसवलेल्या बंद हौद्याचे २५० किलो आणि जॅक, पट्टे, ताडपत्री, हातगाडी यांचे ५० किलो वजा करावे लागतात. मालासाठी उरतात १,००० किलो. तयार गाडी टाकी भरून, माणसांसह एकदा वजनकाट्यावर तोलून घ्यावी आणि तोच आकडा कायम धरून चालावे.

वजनाइतकाच जागेचाही विचार हवा. फोमच्या गाद्यांनी हौदा पूर्ण भरतो, पण वजन नगण्य असते. उलट फरशीचे खोके हौद्याचा तळ झाकण्याआधीच क्षमता संपवतात. आपल्या भागात कोणता माल अधिक हलतो हे पाहून मगच गाडी घ्यावी, गाडी घेऊन मग माल शोधू नये.

‘एकदाच थोडे जास्त’ या विनंतीला नकार देणे नव्या मालकाला जड जाते. जादा वजनाने टायर तापतात, पाटे (चाकांवरच्या पोलादी स्प्रिंग) बसतात आणि ब्रेकवर ताण येतो. वेग दुप्पट झाला की केवळ ब्रेक लावल्यानंतर लागणारे अंतरच चौपट होते. त्यात ब्रेक तापून त्यांची पकड सुटू लागली, तर उतारावर गाडी आवरणे कठीण होते. शिवाय अपघात झाल्यास विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.

माल बांधताना

ताडपत्रीने माल झाकला जातो, बांधला जात नाही. युरोप आणि अमेरिका या दोन्हीकडील नियमांत एकच अपेक्षा दिसते : बांधणीने पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ०.८ पट, तर बाजूंना आणि मागे ०.५ पट जोर पेलला पाहिजे. म्हणजे १,००० किलोचे यंत्र जोरात ब्रेक लावल्यावर ८०० किलोच्या भाराइतके पुढे रेटू शकते. म्हणून जड माल खाली आणि पुढच्या भिंतीला टेकवून ठेवावा, मधल्या फटी भरून काढाव्यात आणि वरून टाकलेले पट्टे शक्य तितके उभ्या कोनात ताणावेत, कारण पट्टा जितका आडवा, तितका त्याचा मालावरचा दाब कमी. सगळा भार मागच्या चाकांच्याही मागे गेला, तर पुढचा ॲक्सल हलका होतो आणि स्टिअरिंग नीट प्रतिसाद देत नाही. पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा ताणावेत, कारण तोवर माल बसलेला असतो.

विमा, पोच आणि उधारी

विम्याबाबत दोनच गोष्टी. गाडीचा विमा भाड्याने मालवाहतूक करण्यासाठी वैध आहे याची खात्री करावी, आणि गाडीच्या विम्यात आतल्या मालाचा विमा आपोआप येतो असे समजू नये.

उधारीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. इंधनाचे पैसे आज द्यावे लागतात आणि ग्राहक ४५ दिवसांनी देतो, याचा अर्थ दीड महिन्याचा संपूर्ण खर्च आपण त्याच्यासाठी स्वतःच्या खिशातून करतो. तेवढे भांडवल हाताशी नसेल तर काम वाढल्याने अडचण कमी होत नाही, उलट वाढते. सुरुवातीला निदान इंधनाइतकी रक्कम आगाऊ घ्यावी. सगळे काम एकाच ग्राहकाकडून किंवा एकाच दलालाकडून घेणे सोयीचे वाटते, परंतु त्याने दर पाडला किंवा पैसे थकवले तर नाही म्हणण्याची ताकद उरत नाही.

भाडे, मोफत थांबण्याची मुदत, त्यानंतरचा ताशी खोळंबा आकार आणि हमाली कोणी द्यायची, हे फेरीआधी लेखी ठरलेले असावे, निदान मोबाइलवरच्या संदेशात तरी. माल भरताना नग मोजावेत, आधीच फुटलेल्या खोक्यांची छायाचित्रे काढावीत आणि उतरवल्यावर सही, तारीख व वेळेसह पोच घ्यावी. वादाच्या वेळी आठवणीपेक्षा या कागदाला वजन असते.

अडचण आल्यावर कुठे पाहावे

गाडी महिनाभर धावते आणि हाती काही उरत नाही, अशी स्थिती आली तर दर वाढवण्याआधी नोंदवही पाहावी. एकूण किलोमीटरपैकी भाडे मिळालेले किलोमीटर किती आणि एकूण तासांपैकी थांबण्यात गेलेले किती, हे दोन आकडे काढले की दोष बहुधा सापडतो. नोंदवहीच नसेल, तर पुढचा महिना प्रत्येक फेरीचे सुरुवातीचे व शेवटचे मीटरवाचन आणि वेळ लिहिण्यात घालवावा. त्याशिवाय केलेला कोणताही उपाय अंदाजच ठरेल.

इंधन जास्त लागते अशी शंका असल्यास टाकी काठोकाठ भरून मीटरवाचन लिहावे, काही फेऱ्यांनंतर पुन्हा तशीच भरावी आणि दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने अंतराला भागावे. आकडा घसरलेला दिसला तर टायर थंड असताना हवा तपासावी, एअर फिल्टर पाहावा आणि फेरीनंतर सावधपणे चाकांजवळ हात नेऊन एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापले आहे का ते बघावे. तसे असेल तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नसण्याची शक्यता मोठी असते.

टायरही बरेच सांगतात. मधला पट्टा घासला असेल तर हवा जास्त आहे, दोन्ही कडा घासल्या असतील तर हवा कमी किंवा वजन जास्त आहे, एकच कड घासली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेषा बिघडली आहे आणि ठिकठिकाणी खड्डे पडले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर किंवा चाकाचे संतुलन तपासावे लागेल. नवे टायर चढवण्याआधी मूळ दोष दुरुस्त करावा, नाहीतर नवा संचही त्याच रीतीने झिजेल.